गांजाचे रिसेप्टर आणि मेंदूतल्या नवीन पेशी: लोक सारखे विचारायलेत ते प्रश्न

मी नांदेडला फार्मसीच्या पोरापोरींना फार्माकॉलॉजी शिकवतो. बऱ्याच दिवसांपासून एक फॉरवर्ड फिरायलाय, "गांजानं मेंदूत नवीन पेशी उगवतात, शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं", आणि तो मला पार भोकरदनपासून देगलूरपर्यंतच्या लोकांनी पाठवलाय, काहींनी काळजीनं आणि काहींनी, खरं सांगायचं तर, परवानगी मागितल्यासारखा. प्रत्येकाला वेगवेगळं टाईप करून करून अंगठा दुखायला लागला म्हणून सगळं एका जागी लिहिलं. भाषा आमचीच आहे, चालवून घ्या.

१. सर, शाळेत तर शिकवलं होतं की मेंदूच्या पेशी जन्मानंतर नवीन होतच नाहीत. मग हे काय नवीनच?

शाळेत शिकवलं ते तेव्हाच्या समजुतीप्रमाणं बरोबर होतं. काहाल नावाचे स्पॅनिश शास्त्रज्ञ, १९०६ चं नोबेल मिळालेले, त्यांनी सांगून ठेवलं होतं की मोठ्या माणसाच्या मेंदूत मरायचं ते मरतं, नवीन काही येत नाही, आणि एवढ्या मोठ्या माणसाच्या शब्दापुढं कोण बोलणार. पुढं १९६५ ला जोसेफ ऑल्टमन आणि गोपाल दास या दोघांनी अमेरिकेत उंदरांच्या मेंदूत नवीन न्यूरॉन, म्हणजे निरोप नेणाऱ्या पेशी, दाखवले. दास आपल्याकडचं नाव, पण आपल्या पुस्तकांत ते कुठं दिसत नाही, असो. तेव्हा त्यांचं कुणी फारसं मनावर घेतलं नाही. १९९८ ला माणसात पुरावा आला. कॅन्सरच्या काही पेशंटना गाठ किती वाढायलीय हे बघायला बीआरडीयू नावाचं एक रसायन दिलं होतं, ते नवीन बनणाऱ्या डीएनएमध्ये जाऊन बसतं. ते पेशंट वारल्यावर पाच जणांचा मेंदू तपासला तर हिप्पोकॅम्पस नावाच्या भागातल्या न्यूरॉनमध्ये तीच खूण सापडली, म्हणजे त्या पेशी म्हातारपणी जन्मलेल्या होत्या.

पण म्हणून अख्खा मेंदू नवा होतो असं नाही हं. मोजक्या जागा आहेत. आणि माणसात हे किती होतं यावर अजून भांडण चालूय, ते प्रश्न १४ मध्ये.

२. हिप्पोकॅम्पस म्हणजे नेमकं कुठं असतं?

कानाच्या वरच्या बाजूला, आत खोल, दोन्हीकडं एक एक. आकार समुद्रघोड्यासारखा, नावाचा अर्थही तोच. नवीन गोष्ट लक्षात ठेवणं, रस्ता ओळखणं, हे त्याचं काम, आणि भीती-काळजीशीही त्याचा संबंध आहे.

आमच्या लॅबला उंदराच्या मेंदूची एक स्लाईड आहे, जांभळ्या रंगानं रंगवलेली. मायक्रोस्कोपखाली बघितली की एक जांभळा पट्टा आडव्या पडलेल्या चिमट्यासारखा दिसतो, हिप्पोकॅम्पसच्या त्या भागाला डेंटेट गायरस म्हणतात. जवळून बघितलं तर तो पट्टा म्हणजे नुसते दाणे, हुरड्याच्या कणसावर बसतात तसे एकमेकाला खेटून. नवीन पेशी जन्मतात त्या ह्या पट्ट्याच्या आतल्या काठाला, एकदोन पेशींएवढ्या पातळ थरात. पोरं पहिल्यांदा बघतात तेव्हा "एवढंच?" म्हणतात. हाव, एवढंच.

३. पण गांजाचा रिसेप्टर आपल्या डोक्यात कामून असल? देवानं गांजा ओढायला ठेवलाय का तो?

हा प्रश्न एका काकांनी पाठवला आणि मला लई आवडला. नाव गांजावरून पडलं कारण शोध त्या वाटेनं लागला. १९६४ ला इस्रायलमध्ये राफाएल मेशुलाम आणि गाओनी यांनी गांजा-चरसमधला नशा आणणारा घटक म्हणजे टीएचसी शुद्ध करून त्याची रचना सांगितली. मग तो शरीरात कुठं चिकटतो हे शोधायला लागले, १९८८ ला अमेरिकेत उंदराच्या मेंदूत ती जागा, म्हणजे रिसेप्टर, सापडली, १९९० ला तिचं जीन हाती लागलं, नाव सीबी१. १९९३ ला दुसरा, सीबी२, तो जास्त करून रोगप्रतिकारक पेशींवर.

मग सरळ प्रश्न आला की कुलूप आहे तर घरची किल्ली कुठाय? १९९२ ला मेशुलाम यांच्याच टीमनं मेंदूतच बनणारं एक रसायन शोधलं आणि त्याचं नाव ठेवलं आनंदामाइड, आपल्या संस्कृतातल्या आनंद शब्दावरून. १९९५ ला दुसरं सापडलं, टू-एजी. तर हे रिसेप्टर आनंदामाइड आणि टू-एजीसाठी आहेत. गांजातला टीएचसी म्हणजे डुप्लिकेट किल्ली, कुलपात बसते पण घरचा माणूस नाही.

काम कसं चालतं तर एका पेशीनं दुसरीला जोरात निरोप पाठवला की ऐकणारी पेशी उलट्या दिशेनं आनंदामाइड किंवा टू-एजी सोडते, म्हणजे "बास की आता, हळू बोल". बोलणाऱ्या पेशीवरचा सीबी१ ते ऐकतो आणि आवाज कमी करतो. काम झालं की एन्झाइम त्या रसायनाचा लगेच निकाल लावतात, आणि पुढच्या सगळ्या प्रश्नांची गोम ह्या "लगेच" मध्ये आहे.

४. बरं, मग ह्या रिसेप्टरचा नवीन पेशी बनण्याशी काय संबंध?

हाच खरा मुद्दा, जरा सावकाश वाचा. नवीन न्यूरॉन एकदम टपकत नाही. आधी स्टेम सेल, म्हणजे नवीन पेशी जन्माला घालणाऱ्या मूळ पेशी, फुटून दोन होतात, मग त्या पिल्लांमधली बरीचशी मरतात, उरलेल्यांना न्यूरॉन व्हायचं का दुसरं काही हे ठरतं, आणि शेवटी त्या आठवड्यांनी जुन्या जाळ्यात जोडल्या जातात. कॅनाबिनॉइड रिसेप्टर, म्हणजे हेच सीबी१ आणि सीबी२, यातल्या एकाच पायरीवर नाही, जवळजवळ सगळ्यांवर हात ठेवून बसलेत.

ज्या उंदरांत सीबी१ चं जीनच काढून टाकलं त्यांच्या डेंटेट गायरसमध्ये नवीन पेशींची संख्या जवळपास निम्म्यावर आली, हे २००४ चं काम. पुढच्याच वर्षी दिसलं की स्टेम सेल स्वतःच आनंदामाइडसारखी रसायनं बनवतात, स्वतःवर सीबी१ बाळगतात आणि ती रसायनं मोडणारं एफएएएच हे एन्झाइमही त्यांच्याकडंच असतं, म्हणजे अख्खं दुकान घरातच. सीबी२ चालू केला तरी स्टेम सेलचं फुटणं वाढतं, तेही उंदरात दाखवलंय.

आता इथं गंमत. २००२ च्या एका अभ्यासात उलटं निघालं होतं, आनंदामाइडनं कच्च्या पेशींचं न्यूरॉन होणं अडलं. मग खरं कोणतं? दोन्ही. फुटायच्या वेळी सिग्नल मिळाला तर पेशी वाढतात, पण पिकायच्या वेळी तोच सिग्नल चालूच राहिला तर पिकणं लांबतं. कापसाला पातेफुलं लागायच्या वेळचं पाणी आणि बोंड फुटायच्या वेळचा पाऊस, पाणी तेच, पण एक पिकवतंय आणि दुसरं नासवतंय, आमच्याकडच्या माणसाला याच्यापुढं समजावून सांगायची गरज नाही.

याशिवाय आडवळणाचा परिणामही आहे. सीबी१ सगळ्यात दाट ज्या पेशींवर असतो त्या गाबा नावाचं रसायन सोडतात, आणि गाबा मोठ्या न्यूरॉनला शांत करतो पण नुकत्याच जन्मलेल्या न्यूरॉनला उलट जागं करतो, वाढायला लावतो. म्हणजे सीबी१ नं गाबा कमी-जास्त केला की पिल्लांचं खाणंपिणंच बदलतं. म्हणून कुणी "रिसेप्टर चालू केला की पेशी वाढल्या" असं एका ओळीत सांगायला लागलं की मी समजून जातो, ह्या माणसानं फक्त हेडलाईन वाचलीय.

५. तो कॅनडाचा रिसर्च खरा का खोटा? फॉरवर्डमध्ये त्याचंच नाव असतं.

रिसर्च खरा, फॉरवर्ड खोटा. २००५ ला सस्कॅचवान विद्यापीठातल्या टीमनं उंदरांना एचयू२१० नावाचं औषध दिवसातून दोनदा, १० दिवस, पोटात इंजेक्शननं दिलं. हिप्पोकॅम्पसमध्ये नवीन न्यूरॉन वाढले आणि उंदीर कमी घाबरट झाले. मग मेंदूवर एक्स-रे मारून नवीन पेशी बनणंच बंद केलं तर घाबरटपणातला तो फरकही गेला, म्हणजे परिणाम नवीन पेशींमुळंच होता. काम एकदम चोख.

पण एचयू२१० गांजात नसतं, प्रयोगशाळेत बनवतात आणि टीएचसीच्या शंभरपटीहून जास्त जोरकस आहे. फॉरवर्ड बनवणाऱ्यानं "सिंथेटिक" शब्द गाळला, "उंदीर" गाळला, आणि गांजाचं पान लावून फोटो टाकला.

६. मग खऱ्या गांजातल्या टीएचसीनं पेशी वाढतात का कमी होतात?

वाढतात असं म्हणण्याजोगं काही हाती नाही. २०१० च्या एका प्रयोगात उंदरांना खाण्यातून टीएचसी दिलं तर त्यांना रस्ता शिकायला जड गेलं, आणि दुसऱ्या गटाला सीबीडी नावाचा गांजातलाच दुसरा घटक दिला त्यांच्यात नवीन पेशी वाढल्या. एकाच झाडातले दोन घटक, बघा.

दुसरं म्हणजे रोज टीएचसी मिळायला लागलं की पेशी आपले सीबी१ आत ओढून घेतात. घरात सारखीच कुणी बेल वाजवायला लागलं तर आपण बेलचं बटणच काढतो ना, तसं. रोज ओढणाऱ्या माणसांच्या मेंदूच्या स्कॅनमध्ये सीबी१ कमी दिसले आणि साधारण चार आठवडे बंद ठेवल्यावर बरेचसे भरून आले, २०१२ चा अभ्यास आहे. पण रिसेप्टर कमी असताना आपलं घरचं आनंदामाइड पण कुणाला ऐकू जायचं? सोडल्यावर पहिले काही दिवस झोप उडते, चिडचिड होते, भूक जाते, त्याला हेच मोठं कारण.

७. सीबीडी तेल ऑनलाईन मिळतंय, मेंदूला चांगलं म्हणतात. आईला देऊ का?

डॉक्टरला विचारल्याशिवाय नको. सीबीडी सीबी१ ला थेट फारसं चिकटत नाही, उंदरांत त्यानं आनंदामाइड मोडणं कमी होतं आणि ते जास्त वेळ टिकतं, त्यातून परिणाम. २०१३ ला दिसलं की ताणात ठेवलेल्या उंदरांची भीती सीबीडीनं कमी झाली, पण नवीन पेशी बनणं अडवलं तर झाली नाही. चांगली गोष्ट आहे. पण दुसऱ्या एका प्रयोगात किलोमागं ३ मिलिग्रॅमनं नवीन पेशी वाढल्या आणि ३० मिलिग्रॅमनं कमी झाल्या. म्हणजे जास्त दिलं की जास्त फायदा हा हिशेब इथं चालत नाही, आणि ऑनलाईनच्या बाटलीत किती आहे याचा भरवसा कोण देणार.

औषध म्हणून सीबीडीची खरी मान्यता अमेरिकेत २०१८ ला मिळाली, ती लहान लेकरांच्या दोन अवघड प्रकारच्या फिट्ससाठी, मेंदू ताजा करायला नाही. लिव्हरचे एन्झाइम वाढू शकतात, क्लोबाझाम आणि व्हॅल्प्रोएट ह्या फिट्सच्या औषधांबरोबर तर जास्त जपावं लागतं.

८. मुलगा लातूरला क्लासला आहे, १७ चालूय. मित्रांसोबत ओढायलाय असं कळलं. सर, मेंदूला कायमचं होतं का?

ताई, आधी एक, त्याच्या रूमवर जाऊन तमाशा करू नका. आता शास्त्र. ह्या वयात मेंदूचा पुढचा भाग अजून बांधायचं चालू असतं आणि त्या बांधकामात सीबी१ मुकादमासारखा आहे, कोणती जोडणी ठेवायची कोणती छाटायची यात त्याचा हात. वयात येणाऱ्या उंदरिणींना टीएचसी दिलं तेव्हा त्या मोठ्या झाल्यावरही नवीन न्यूरॉन कमी दिसले. माणसात, १९८७ ला स्वीडनच्या सैन्यभरतीतल्या तरुणांचा मोठा अभ्यास आला, त्यात जास्त ओढणाऱ्यांना पुढं स्किझोफ्रेनिया होण्याचं प्रमाण जास्त निघालं, आणि नंतरच्या अभ्यासांत हा संबंध पुन्हा पुन्हा दिसलाय. घरात कुणाला असा आजार असंल तर धोका अजून जास्त.

बुद्ध्यांक कायमचा घसरतो का यावर मतभेद आहेत, न्यूझीलंडच्या २०१२ च्या अभ्यासात घसरला, २०१६ ला जुळ्या भावंडांवर केलेल्या अभ्यासात ओढणाऱ्या आणि न ओढणाऱ्या जुळ्यात फरक नाही निघाला. म्हणून "आता संपलं सगळं" असं समजू नका, थांबल्यावर भरून येणाऱ्या गोष्टी आहेत (प्रश्न ६). व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाईन १४४४६, आणि नीटच्या ताणाबद्दल बोलायचं असंल तर टेलिमानस १४४१६, दोन्ही फुकट. माझ्या अनुभवानं दुसरा नंबर आधी लावावा, बऱ्याच पोरांत ओढणं नंतर सुरू होतं, न झोपणं आधी.

९. गरोदरपणात उलट्या थांबायला थोडंसं चालतं का?

नाही. टीएचसी वारेतून बाळापर्यंत जातं, अंगावरच्या दुधातही उतरतं. पोटातल्या बाळाच्या मेंदूत न्यूरॉनच्या तारा कुठं जायच्या हे ठरवायला सीबी१ लागतो, तिथं डुप्लिकेट किल्ली फिरवायची नाही. उलट्यांवर डॉक्टरकडं चांगली औषधं आहेत.

१०. आमच्या अण्णांना विसर पडायलाय. म्हाताऱ्या उंदरांना टीएचसी देऊन तरुण केलं म्हणे?

२०१७ चा जर्मनीचा प्रयोग. म्हाताऱ्या उंदरांना २८ दिवस अगदी कमी डोस, त्वचेखाली बसवलेल्या पंपानं सावकाश दिला आणि त्यांची आठवण तरुण उंदरांएवढी झाली. पण त्यात दोन गोष्टी लोक सांगत नाहीत. एक, तोच डोस तरुण उंदरांना दिला तर त्यांची आठवण बिघडली. दोन, त्यात सुधारणा दिसली ती न्यूरॉनच्या जोडण्यांत, म्हणून नवीन पेशींचा पुरावा म्हणून तो वापरता येत नाही. वय वाढलं की घरचं टू-एजी आणि सीबी१ चं काम मंदावतं, तिथं थोडी भर घातली तर उपयोग होतो, तरुणात टाकी आधीच भरलेली असती म्हणून सांडतं.

अण्णांना चिलीम देऊन हे होणार नाही. बी१२, थायरॉईड, शुगर, आणि कानानं कमी ऐकू येतंय का, हे आधी बघा, विसर पडण्याची ही साधी कारणं आहेत.

११. मग रिसेप्टर बंदच करून टाकला तर?

करून बघितलंय. रिमोनाबंट नावाची सीबी१ बंद करणारी गोळी २००६ ला युरोपात वजन कमी करायला आली. भूक कमी व्हायची, वजन उतरायचं, पण लोक उदास व्हायला लागले, काहींच्या मनात आत्महत्येचे विचार यायला लागले, आणि २००८ ला ती बाजारातून काढावी लागली. मी वर्गात हे उदाहरण दरवर्षी देतो कारण सीबी१ रोज गुपचूप काय करतो हे तो बंद केल्यावरच कळलं.

चकवा असा की २००४ च्याच अभ्यासात ही रिमोनाबंट उंदरांना दिल्यावर नवीन पेशी वाढल्या होत्या, आणि ज्यांच्यात सीबी१ नव्हताच त्या उंदरांतही वाढल्या. म्हणजे गोळीनं ते काम दुसऱ्या दारानं केलं, मिरचीचा तिखटपणा ओळखणारा टीआरपीव्ही१ नावाचा रिसेप्टर आहे, त्याच्यातून. औषध एका कुलपाचं म्हणून विकतात पण ते चार कुलपांत फिरतं.

१२. काही न ओढता, न खाता आनंदामाइड वाढतं का?

वाढतं की. पळून. मध्यम वेगानं पळाल्यावर माणसाच्या रक्तात आनंदामाइड वाढतं हे २००३ पासून माहितीय, पळाल्यावर जे हलकं वाटतं त्याचं श्रेय आधी एंडॉर्फिनला द्यायचे, आता बरंचसं याच्याकडं आलंय. चाकावर पळणाऱ्या उंदरांत नवीन न्यूरॉन वाढतात हे १९९९ चं, आणि २०१० ला दिसलं की सीबी१ अडवला तर पळूनही स्टेम सेलचं फुटणं वाढत नाही. ज्या रिसेप्टरसाठी लोक फॉरवर्ड पाठवायलेत तोच रिसेप्टर पहाटे स्टेडियमवर फुकट चालू होतो.

पळणं जमत नसंल तर चाला. २०११ च्या एका अभ्यासात १२० वयस्क लोकांपैकी निम्म्यांना वर्षभर चालायला लावलं, त्यांचा हिप्पोकॅम्पस साधारण २ टक्क्यांनी वाढला, नुसतं अंग ताणायचे व्यायाम करणाऱ्यांचा थोडा आकसला. आमची आजी पैठणहून पंढरपूरला चालत जायची आणि नव्वदीत अख्ख्या गल्लीचे हिशेब तोंडपाठ सांगायची, आता हा काही पुरावा नाही, पण सांगितल्याशिवाय राहवलं नाही.

१३. अंबाडीच्या भाजीत पण हे असतं का? आणि महाशिवरात्रीच्या भांगेचं काय?

अंबाडीचं शास्त्रीय नाव हिबिस्कस कॅनाबिनस आहे, ते बघून एका पोरीनं आईला भाजी करायची बंद करायला लावली! पानं गांजाच्या पानासारखी फाटलेली दिसतात म्हणून नाव तसं पडलं, बाकी ती जास्वंदाच्या घरची, टीएचसीचा पत्ता नाही. ज्वारीची भाकरी, वरून लसणाची फोडणी, बिनधास्त खा.

भांग मात्र गांजाच्याच झाडाची पानं, टीएचसी त्यात असतंच. प्याल्यावर ते लिव्हरमधून जातं आणि तिथं अजून जोरदार रूपात बदलतं, वर चढायला तासदोन तास लागतात म्हणून लोक "काहीच होईना" म्हणत दुसरा ग्लास घेतात आणि मग रात्रभर दवाखान्यात. १९८५ च्या एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे, नुसती पानं त्यात येत नाहीत, पण आपल्या राज्यात दारूबंदी कायद्याखाली भांगेलाही परवाना लागतो. "देवाचा प्रसाद आहे" हे पोलिसाला सांगून चालत नाही.

१४. शेवटचं, माणसाच्या मेंदूत हे खरंच होतं का? एका व्हिडिओत म्हणाले तेराव्या वर्षीच बंद होतं.

तो व्हिडिओ २०१८ च्या एका पेपरवर आहे, ज्यात १३ वर्षांच्या पुढच्या मेंदूंत नवीन न्यूरॉन दिसलेच नाहीत. गंमत म्हणजे महिन्याभरातच दुसरा पेपर आला की सत्तरी ओलांडलेल्यांतही दिसतात. २०१९ ला स्पेनच्या टीमनं सांगितलं की मेंदू मृत्यूनंतर किती वेळानं आणि औषधात किती तास बुडवून ठेवला यावरच सगळं आहे, जास्त बुडवला की खूण पुसली जाते, आणि त्यांना ८७ वर्षांच्या माणसातही कच्चे न्यूरॉन सापडले, अल्झायमर झालेल्यांत मात्र कमी. त्याआधी २०१३ ला स्वीडनमध्ये एकदम वेगळीच युक्ती केली होती, १९५५-६३ च्या अणुचाचण्यांमुळं हवेत वाढलेला कार्बन-१४ डीएनएमध्ये उतरतो, त्यावरून पेशीची जन्मतारीख काढली आणि हिशेब आला एका हिप्पोकॅम्पसमध्ये दिवसाला साधारण ७०० नवीन न्यूरॉन. २०२५ ला त्याच गटानं मोठ्या माणसांत फुटणाऱ्या मूळ पेशीही दाखवल्या, अर्थात प्रत्येकात सारख्या नाहीत, काहींत भरपूर, काहींत जवळजवळ नाहीतच.

म्हणजे मी "होतं" ह्या बाजूचा. पण वर लक्ष द्या, हे जवळजवळ सगळे मेंदू वारलेल्या माणसांचे आहेत. जिवंत माणसाच्या डोक्यातले नवीन न्यूरॉन मोजायचं मशीन अजून बनलेलं नाही, एमआरआयमध्ये हिप्पोकॅम्पसचा आकार दिसतो, पेशीची जन्मतारीख दिसत नाही. म्हणून गांजा ओढणाऱ्या जिवंत माणसाच्या नवीन पेशी वाढल्या का घटल्या हे कुणीही मोजलेलं नाही, फॉरवर्ड बनवणाऱ्यानं तर नाहीच नाही.